वीस फेऱ्यांची चादर

चादर पडायची असली की या घरात सकाळपासून कोणी कोणाशी धड बोलत नाही. बोललं की मत फुटतं, अशी समजूत. त्या दुपारचं जेवण 'मीठ', 'पाणी' आणि 'सरका जरा' एवढ्यावर उरकलं. वाढायला आणखी काही नाही, हे वहिनींनी रिकामं पातेलं पालथं करून सांगितलं.

जेवणं झाल्यावर आत्याने तेच टेबल पुसलं आणि त्यावर पांढरी चादर अंथरली. पांढरी म्हणायचं आपलं. तिच्यात आबांच्या काळापासूनचं ग्रीस इतकं मुरलंय की कोपऱ्यात उभी केली तर ती आपल्या पायांवर उभी राहील. खाली शेडमध्ये शर्यतीची गाडी अजून गार होत होती. तापलेलं लोखंड गार होताना टिक टिक करतं, ते जिन्यातून वर ऐकू येत होतं.

गाडी एकच, सीटही एकच. सोळा हंगाम त्या सीटवर बसलेल्या काकांनी, म्हणजे या पिढीतल्या धाकट्याने, आता मान वळायला उशीर लागतो म्हणून हेल्मेट खुंटीला टांगलं होतं. आता दोघं उमेदवार होते. एक थोरल्यांचा मुलगा. वय सव्वीस. घरात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'चिरंजीव' म्हणतात. दुसरी घराबाहेरची, एक अँब्युलन्सवाली. दोघांनी सकाळी तीच गाडी तेवढंच पेट्रोल घालून वीस-वीस फेऱ्या चालवली होती. प्रत्येकाला टायर नवे, ब्रेकचे पॅड नवे, गिअरही नवे. फेऱ्या संपल्या की ड्रायव्हरला काही विचारायचं नाही. गाडी उघडायची, झिजलेले भाग काढायचे आणि चादरीवर दोन ढीग मांडायचे. एका ढिगापाशी खूण म्हणून नट, दुसऱ्यापाशी वॉशर. कुठला ढीग कोणाचा हे उघडणारीला, म्हणजे आत्याला, तेवढं ठाऊक. म्हणून तिला मत नाही.

ही रीत आबांची, चिरंजीवाच्या आजोबांची. आबांच्या कानांबद्दल घरात बऱ्याच कथा आहेत. इंजिनाच्या आवाजावरून ते ड्रायव्हरने सकाळी दात घासलेत की नाही हे ओळखायचे म्हणे. माणसाचं बोलणं मात्र त्यांना अजिबात ऐकू येत नसे. पहिल्यांदा सीटसाठी दोघं आले तेव्हा त्यातला एक स्वतःच्या धाडसावर दीड तास बोलला. आबा मान डोलावत राहिले. तो थांबला तेव्हा आबांनी दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले आणि म्हणाले, "तुमचं झालं असेल तर आता गाडीचं ऐकू." यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेल्या निम्म्यावर तीन ड्रायव्हर निवडले गेले आणि तिघंही म्हातारे होईपर्यंत जगले.

अँब्युलन्सवाली या घरात आली ती काकांच्या बरगड्यांमधून. मागच्या हंगामात काकांची गाडी भिंतीवर गेली. ट्रॅकपासून इस्पितळापर्यंतचा रस्ता इतका वाईट, की काका सांगतात त्यात दर खेपेला खड्डे वाढतात. परवाच्या खेपेला चौऱ्याहत्तर झाले होते. "तीन बरगड्या मोडलेल्या," काका सांगतात, "पण अकरा किलोमीटरमध्ये एकीनेही तोंड उघडलं नाही." स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांनी पुढे बसलेल्या बाईला विचारलं, तुम्ही शर्यतीत चालवता का. ती म्हणाली, रविवारी, मैत्रिणीच्या छोट्या गाडीत, आणि पेशंटने बोलू नये. त्या दिवसापासून ती काकांना 'पेशंट'च म्हणते.

आता ती खाली शेडमध्ये बाकावर बसली होती. तिला वर यायची परवानगी नव्हती. चादरीशी फक्त घरचे.

वहिनींनी ओट्यावरून एकदा जिन्याकडे पाहिलं. थोरल्यांच्या बायकोला या घरात टीमचे फोन, टीमची पत्रं आणि टीमचे डबे एवढं सांभाळावं लागतं. काका भिंतीवर गेले तो फोनही त्यांनीच घेतला होता. त्या फोनचं पहिलं वाक्य होतं, 'तुमच्या घरचा ड्रायव्हर'. पुढचं ऐकू येईपर्यंत मध्ये जेवढा वेळ गेला, तेवढ्यात वहिनींनी ठरवून टाकलं की आपला मुलगा त्या सीटवर बसणार नाही. नवऱ्याशी या एका विषयावर चार महिने अबोला होता. बाकी सगळ्या विषयांवर भांडण चालू होतं.

सकाळी चहा देताना त्यांनी काकांना गाठलं होतं. तुमचा जीव जिने आणला तिला मत द्या, आभार मानायची याहून चांगली तऱ्हा कुठली, असं त्या म्हणाल्या. काका म्हणाले, काळजीच नको. वहिनींना ठाऊक नव्हतं, की त्याच्या अर्धा तास आधी थोरल्यांनीही धाकट्या भावाला टायरांच्या खोलीत नेऊन खांद्यावर हात ठेवला होता. पोरगं चार वर्षं टीमचा ट्रक चालवतंय, आता त्याला खाली बघायला लावू नकोस, म्हणाले होते. त्यांनाही काका म्हणाले होते, काळजीच नको. काकांना आयुष्यात 'नाही' म्हणता आलेलं नाही. भिंतीलासुद्धा आलं नाही.

त्या अँब्युलन्सवालीलाही आई असेल, हा विचार वहिनींच्या मनात आला. तो त्यांनी पातेल्याबरोबर घासून टाकला आणि हात पुसत टेबलाशी आल्या.

आत्याने ढीग मांडले होते. मांडताना तिचा चेहरा असा, की पोलिसांनाही तिच्याकडून काही निघालं नसतं. डावीकडे नट. तिथल्या ब्रेक पॅडच्या कडा जळून निळसर पडलेल्या, पुढच्या डाव्या टायरचं रबर संत्र्याच्या सालीसारखं सोललेलं, आणि तिसऱ्या गिअरच्या दोन दातांचे टवके उडालेले. उजवीकडे वॉशर. टायर चारही सारखे झिजलेले, पॅड अंगभर एका रंगाचे, आणि गिअरचे दात डब्यातून आत्ता काढल्यासारखे.

थोरले बराच वेळ वाकून बघत राहिले. ते टीमचे मॅनेजर. मनगटावर एक आणि गळ्यात दोन घड्याळं. सकाळच्या चाळीसही फेऱ्यांच्या वेळा त्यांनीच टिपल्या होत्या, आणि त्या शर्टाच्या खिशात एका पाकिटात बंद होत्या. मतं सारखी पडली तरच पाकीट उघडायचं, हाही आबांचाच नियम. वेगाला शेवटी विचारायचं.

मतं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत द्यायची असतात, आणि उमेदवार घरचा असला तर त्यालाही मत असतं. नाव घ्यायचं नाही, फक्त खूण सांगायची आणि कारण द्यायचं.

थोरल्यांनी उजवीकडचा टायर उचलला. आणि त्यांना वाटलं, आपण ओळखला. या पोराला दहाव्या वर्षापासून आत्याने शिकवलं होतं. पाना वापरला की पुसून जागेवर. मोजे काढले की जोडी करून. असं नीट झिजवणं दुसऱ्या कोणाचं असणार? ज्या गोष्टीसाठी आपण जीव टांगणीला लावून बसलो होतो ती समोर आल्यावर माणूस सैल पडतो, तसे ते सैल पडले. बोलायचं एवढंसं होतं, ते फार बोलले.

"वॉशर," ते म्हणाले. "मी तीस वर्षं ट्रॅकच्या कडेला उभा आहे. गाडी पळवणारे पुष्कळ बघितले. पण हे बघा." त्यांनी टायरवरून तळहात फिरवला, सावकाश, झोपलेल्या जनावरावरून फिरवावा तसा. "ज्याने कोणी हे केलंय ना, त्याने गाडीकडून घेतलं आणि गाडीला दुखवलं नाही. असं माणूस आपल्या घरात आलं... आपलं नशीब. मी कधी बोलत नाही. पण अभिमान वाटतो मला."

घड्याळातल्या आकड्यांखेरीज थोरल्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात निघालेली कोणी ऐकली नव्हती.

चिरंजीव टेबलाच्या टोकाला उभा होता. त्याने जळलेले पॅड पहिल्या नजरेतच ओळखले होते. आपले हात माणूस ओळखतोच. सातव्या वळणावर, ट्रॅक जिथे टेकाडाआड जातो आणि पुढचं दिसत नाही, तिथे तो सगळ्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबतो. त्याच उशिराची ती निळी कड होती. आणि समोर वडील दुसऱ्याच्या टायरवरून हात फिरवत होते. चौदा वर्षांचा होता तेव्हापासून ज्याची तो वाट बघत होता, ते बोलणं आज पूर्ण आलं होतं. त्याच्या समोर उभं राहून आलं होतं. फक्त चुकीच्या पत्त्यावर.

मग वहिनी. नवऱ्याने वॉशर म्हटलं तिथेच त्यांची खात्री पटली, की उजवा ढीग पोराचा. त्या डावीकडे सरकल्या.

"नट," त्या म्हणाल्या. थोरल्यांनी भुवया वर केल्या. "का म्हणजे? ब्रेक बघा केवढे दाबलेत. मला ब्रेक दाबणारं माणूस आवडतं. ब्रेक दाबतं ते घरी येतं."

आत्याला अचानक खोकला आला. ती पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ तिकडे तोंड करूनच पीत राहिली.

काकांची पंचाईत काही औरच होती. दोघांना शब्द दिलेला, आणि दोघं दोन बाजूंना. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. वहिनींनी डोळ्यांनी डावीकडे खुणावलं. काका गोंधळले. हिला अँब्युलन्सवालीला मत द्यायचंय, मग ही नटाकडे का बोट दाखवतेय? सोळा हंगाम गाडीचं रबर वाचलेल्या माणसाला उजवा ढीग कोणाचा हे विचारावं लागत नव्हतं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. नवरा-बायको दोघंही उलटे बसलेत. दादा मुलाला म्हणून तिला मत देतोय, आणि वहिनी तिला म्हणून मुलाला. हसू आवरायला त्यांनी गाल आतून चावला. तेवढ्यानेही बरगड्यांत कळ आली.

"वॉशर," ते म्हणाले. "कारण माझ्या बरगड्यांना विचारा."

थोरले समाधानाने मागे टेकले. दोन वॉशर, एक नट. आता पोरगं स्वतःचाच ढीग सांगणार, म्हणजे तीन. त्यांनी खिशातल्या पाकिटावर थोपटलं. पोरगं सेकंदाच्या तीन दशांशांनी पुढे होतं हेही त्यांना ठाऊक होतं, पण आता ते उघडायचीही गरज नव्हती.

चिरंजीवाला वेळा ठाऊक नव्हत्या. पण सातव्यावरून बाहेर पडताना सकाळी इंजिन कसं गायलं, ते त्याने ऐकलं होतं. आपण पुढे आहोत, हे त्याला कळत होतं. नट म्हटलं की दोनास दोन. पाकीट फुटेल. सीट त्याची होईल. खोटं बोलायचं नव्हतं, फसवायचं नव्हतं, नियम मोडायचा नव्हता. एक शब्द बोलायचा, आणि त्याला ब्रेकबिकचं काहीतरी कारण जोडायचं. वडिलांना कळायचंच झालं तर पाकीट फुटल्यावर कळलं असतं, की अभिमान कोणाचा वाटला होता. तोवर तो सीटवर बसलेला असता.

त्याने टेबलावर हात टेकले. हाताला ग्रीसचा वास होता, सगळ्यांच्याच हातांना असतो तो.

"वॉशर," तो म्हणाला.

"कारण?" आत्याने विचारलं. विचारायचं काम तिचं.

"कारण ते माझं नाही, बाबा. नट माझा."

खालून टिक टिक यायची थांबली होती. गाडी गार झाली असावी.

थोरल्यांनी टायर अजून धरलेलाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग बायकोकडे. "म्हणजे हिने तुला मत दिलं?"

"चुकून," वहिनी म्हणाल्या.

"आणि मी..."

"मनापासून," आत्या म्हणाली.

काकांनी आता गाल सोडला. ते हसले, कण्हले, परत हसले. वहिनी खुर्चीवर बसल्या. आपण ज्याला वाचवायला निघालो त्यालाच गाडीत ढकलत होतो, आणि त्यानेच आपल्याला सोडवलं, एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात लागेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. पदर शोधला, तर हातात पातेलं पुसायचं फडकं आलं. त्यांनी तेच वापरलं.

थोरले म्हणाले, नाव फुटलं, चादर रद्द होते. आत्याने शांतपणे सांगितलं की नाव मताआधी फुटलं तर रद्द होते. हे मतानंतर फुटलं, कारण म्हणून फुटलं. आबांनी कारण खरं द्यायला सांगितलंय, ते कसलं असावं हे नाही सांगितलं. थोरल्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. घरचा मोठा म्हणून त्यांच्या हातात होतं. म्हणाले असते रद्द, तर रद्द झाली असती. मुलगा खाली मान घालून पॅडवरची निळी कड नखाने खरवडत होता.

"मी जे बोललो ते टायरबद्दल बोललो," थोरले शेवटी म्हणाले. "टायर बदललेला नाही. मत तेच." त्यांनी टायर जागेवर ठेवला, खिशातलं पाकीट न फोडता गॅसच्या शेगडीवर धरलं आणि काळं होईपर्यंत बघत राहिले. मुलाशी मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. मान वळवून एकटेच गॅलरीत गेले.

अँब्युलन्सवालीला सांगायला चिरंजीवच खाली गेला. ती बाकावरून उठली, पुन्हा बसली, आणि पहिला प्रश्न तिने असा विचारला की उद्या सकाळी सहाची तिची ड्यूटी आहे, ती बदलून घ्यायला हवी का. त्याने सांगितलं, आज फक्त सीट ओतायची.

सीट ओतणं म्हणजे असं. ड्रायव्हरला गाडीत बसवायचं, पाठीमागे आणि मांड्यांखाली प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची आणि तिच्यात दोन रसायनं मिसळून ओतायची. ती ऊन होतात, फुगतात, आणि ड्रायव्हरच्या अंगाच्या आकाराचा कडक फोम होतो. तो कडक होईपर्यंत, पाऊण तासाच्या आसपास, ड्रायव्हरने हलायचं नाही. हलला तर पूर्ण हंगाम चुकीच्या पाठीवर बसावं लागतं. काकांच्या पहिल्या सीटला शिंक आली होती. त्यांची पाठ चार महिने त्या शिंकेवर टेकलेली होती.

आत्याने ओतलं. अँब्युलन्सवाली डोळे समोर ठेवून पुतळ्यासारखी बसली. ती हलू शकत नाही हे कळल्यावर घरच्यांना चेव आला. आधी काका आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले की त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, पेशंटला बोलायची मनाई होती. ती ओठ न हलवता म्हणाली की पेशंट बरा असला की तिला पुरतं. मग वहिनी आल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण हलेल म्हणून हवेतच फिरवला. सावकाश चालव, असं त्या शर्यतीच्या ड्रायव्हरला म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. मग म्हणाल्या, ड्यूटीवरून येताना जेवायला इथेच येत जा. तुझ्या आईला फोन लावायचा असेल तर माझ्याकडून लाव, मी बोलेन तिच्याशी. काय बोलायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गर्दी सरल्यावर चिरंजीव गाडीच्या बाजूला उकिडवा बसला. फोम अजून ऊन होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सकाळी तुम्ही चालवत होता तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होते. सातव्याला तुमचा आवाज माझ्यापेक्षा फार उशिरा खाली येतो. मला ते जमत नाही. भीती वाटते."

ते सातवं त्याचं होतं. बारा वर्षांत त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. पण वर आपल्या तोंडून एक गोष्ट निघाली होती, आणि तिच्यामागून बाकीच्याही निघायला तयार आहेत, असं त्याला आढळलं.

"डोळे मिटा परत," तो म्हणाला. "सहाव्यातून बाहेर पडलात. चौथा गिअर. उजव्या हाताला झेंडेवाल्याची टपरी येते. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून गेली की मनात एक, दोन म्हणायचं. टेकाड येतं. पुढे काही दिसत नाही. तिथे सगळे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतात. तुम्ही काढायचा नाही. गाडी हलकी होईल, पोटात खड्डा पडेल. पडू दे. खाली टेकली की डांबर तुम्हाला धरतं. मग ब्रेक. माझ्यासारखा एकदम नाही, तुमच्यासारखा. तुम्ही तसा दाबलात तर पॅडही जळणार नाही, वेळही..."

"ब्रेक अजून जरा आधी," मागून आवाज आला. थोरले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. कधीपासून, ते सांगता येत नाही. "टेकाडाच्या आधीच हलकासा. तिथे उतार तिरपा आहे."

"नाही बाबा," चिरंजीव म्हणाला. वळला नाही, आवाजही चढवला नाही. "उतार तिरपा वाटतो तो कडेवरून. आतून सरळ आहे. आधी दाबलात तर मागची चाकं सुटतील."

अँब्युलन्सवालीने डोळे उघडले नाहीत. मान वळवता येत नसल्यामुळे कोणाकडे बघायचं हा प्रश्नही तिला नव्हता.

थोरल्यांनी तीस वर्षं ते वळण कडेवरून पाहिलं होतं. आतून एकदाही नाही. त्यांनी गळ्यातली दोन्ही घड्याळं सरळ केली, जशी ती नेहमी सरळ करत असत, आणि काही म्हणायच्या आधी एक जुना टायर लोळवत आणला, आडवा टाकला, मुलाच्या शेजारी त्यावर बसले. गुडघे वाजले.

"तो सांगतोय तसं करा," ते तिला म्हणाले. मग मुलाकडे बघून, जरा घसा साफ करून, "आठव्याचं सांग."